रोज प्रार्थना करूनही अभ्यास होत नाही. माझा विश्वासच कमी पडतोय का?

जय ख्रिस्त. गावाहून नाशिकला शिकायला आलास, पहिल्याच सेमला दोन विषय राहिले, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना चालू आहे पण पुस्तक उघडलं की हात मोबाइलकडे जातो, आणि आता स्वतःच्या विश्वासावरच शंका येतेय. असंच लिहिलंयस ना? वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

माझी एम-थ्रीची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरची, वही अजून घरी आहे. पहिल्या पानावर लाल जेल पेनने, वळणदार अक्षरात, खाली दोन रेघा मारून वचन लिहिलंय: जो मला सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो. पुढे चार पानं लाप्लासची गणितं. पाचव्या पानावर एक गणित अर्धवट. त्यापुढे शेवटपर्यंत कोरी.

मी श्रीरामपूरकडचा. आमच्याकडे घरात रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना, रविवारी उपासना, त्यामुळे प्रार्थना करायला मला कधी कष्ट पडले नाहीत. कष्ट पडायचे ते खुर्चीत बसायला. पेपरच्या आदल्या रात्री गुडघे टेकून तासभर रडलो होतो. त्या तासात लाप्लासची दोन गणितं नक्की झाली असती. आईला फोनवर सांगितलं, पेपर बरा गेला. बॅक लागली तेव्हा तिला ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, विषय राहिल्याचं नाही.

त्या काळात कुणीतरी एका तरुणांच्या सभेत घेऊन गेलं. तिथे हॉल तिकिटाला तेल लावून प्रार्थना करून देत होते. मीही लावून घेतलं. तिकिटावरचा फोटो तेलकट झाला आणि परीक्षेला सुपरवायझरने दोनदा माझ्या तोंडाकडे बघितलं, एवढंच झालं. हसू नकोस, तूही असलं काही केलं असशील. माझा रूममेट दिंडोरीच्या केंद्रात जाणारा, स्वामींचा भक्त. तो माझ्याबरोबर फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाल येशूच्या यात्रेला आला आणि दोन मेणबत्त्या लावल्या, एक स्वतःची, एक माझ्या एम-थ्रीची. पण तो पठ्ठ्या रोज पहाटे पाचला उठून अभ्यासही करायचा.

बदल झाला तो चर्चमधल्या एका म्हाताऱ्या काकांमुळे. रिटायर झालेले, उपासनेनंतर दाराशी उभे राहून सगळ्यांशी हात मिळवायचे. मी म्हटलं, काका, एम-थ्रीसाठी प्रार्थना करा. म्हणाले, "करतो. काल किती गणितं केलीस?" मी म्हटलं, काल शनिवार होता. "बरं, परवा?" मी गप्प. ते काही बोलले नाहीत, खांद्यावर हात ठेवून तिथेच प्रार्थना केली, अगदी छोटी. पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या आठवड्यात निव्वळ त्यांना काहीतरी सांगता यावं म्हणून मी शनिवारी रात्री दोन गणितं सोडवली. हेतू काही फार पवित्र नव्हता, पण गणितं झाली.

मग मला प्रभूच्या प्रार्थनेतली ती ओळ वेगळी ऐकू यायला लागली. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली. त्यात वर्षभराचं धान्य मागितलेलंच नाही, आजची भाकर मागितलीय. बायबलमधल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्नाचंही तेच, म्हणजे रानात देवाने इस्राएली लोकांना दिलेल्या अन्नाचं. रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. (सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती, पण ती शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी, आळसासाठी नाही.) माझा सगळा अभ्यास "या रविवारी बसून सगळं संपवू" या हिशेबाने चालायचा आणि दर रविवारी त्यात किडे पडलेले असायचे. तेव्हापासून प्रार्थनेत विषय पास कर म्हणणं सोडलं. सकाळी फक्त त्या दिवसाचं मागायचं, तेही नाव घेऊन: आज फुरिअरची तीन गणितं. रात्री झालं की नाही ते खरं सांगायचं. नाही झालं तर नाही. देवापुढे आकडा फुगवायची सोय नसते, आईला फोनवर सांगितलं तसं.

शरणपूर रोडवरून तू जातच असशील. एकोणिसाव्या शतकात शरणपूरला मिशनची वस्ती होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे आणत. त्यांना पवित्र शास्त्र शिकवत आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकामही. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या अंत्यविधीलाही हजर होता. मला त्या गोष्टीत सगळ्यात जास्त आवडतो तो रंधा. वचन पाठ झालं की पोरं उठून रंधा हातात घेत असतील. माझं वचन पाठ होतं, रंधा कोपऱ्यात पडलेला.

मोबाइलचं म्हणशील तर मी ईस्टरआधीच्या उपवासकाळात चाळीस दिवस इन्स्टाग्राम काढून टाकलं होतं. ईस्टरच्या संध्याकाळी परत टाकलं आणि रात्री दोनपर्यंत चाळीस दिवसांचं साचलेलं बघत बसलो. त्यामुळे त्या बाबतीत माझ्याकडून सल्ला घेऊ नकोस. अभ्यासाला बसताना फोन रूममेटच्या उशीखाली ठेवायचो, त्याचा थोडा उपयोग झाला.

तुझा विश्वास कमी आहे असं मला वाटत नाही. विश्वास नसता तर तू हा प्रश्न विचारलाच नसतास, सरळ सरांना शिव्या दिल्या असत्यास. पण आईला खरं सांगितलंयस का, ते तू लिहिलं नाहीस. नसेल तर आज सांग. मला स्वतःच्या तोंडाने सांगायला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत प्रार्थनेला बसलं की दुसरं काही सुचायचंच नाही.

राहिलेल्या विषयांची नावंही लिहिली नाहीस. त्यात एम-वन असेल तर माझ्याकडे सोडवलेली गणितं आहेत, इथेच सांग, फोटो काढून टाकतो. एम-थ्रीची दुसरी वही मात्र देणार नाही. ती पूर्ण भरलीय आणि तिच्या पहिल्या पानावर काहीच लिहिलेलं नाही.