इतकं करूनही ती माणसं मोकळी का होत नाहीत?

परमुलखातून आलेल्या कुटुंबाला जागा देणारी, त्यांच्या मुलांना शाळेत घालणारी, त्यांना कामाला लावणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात रागापेक्षा दुखावलेपण जास्त असतं. आपण मनापासून केलं, सुरुवातीला सगळं गोड होतं आणि आता तीच माणसं टाळायला लागली. आमचं काय चुकलं? जळगावात हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. फाळणीनंतर इथे सिंधी कुटुंबं स्थायिक झाली आणि त्यांच्या नात्यागोत्याच्या आधारानं पाकिस्तानातल्या सिंधमधून हिंदू कुटुंबं नंतरही येत राहिली. त्यांची घरमालकीण, शेजारीण, वर्गशिक्षिका पुष्कळदा मराठी असते. तिच्यासाठी हा एक अनुभव लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू निवृत्त शिक्षिका. त्यांनी वरच्या दोन खोल्या सिंधमधून आलेल्या पाच जणांच्या कुटुंबाला दिल्या होत्या. नवरा-बायको, नवऱ्याची आई, तेरा वर्षांची मुलगी आणि धाकटा मुलगा. अनामत घेतली नाही, भाडं निम्मंच ठेवलं. शेगडी, गाद्या, कूलर, सगळं खालून वर गेलं. मुलीचं शिक्षण सिंधीतून, तेही तिकडच्या अरबी वळणाच्या लिपीत झालेलं. देवनागरी अक्षरही येत नाही म्हणून शाळा तिला चौथीत बसवायला निघाली होती. काकूंनी मुख्याध्यापकांपुढे 2009 चा शिक्षण हक्क कायदाच ठेवला. मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं तो सांगतो. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलगी सातवीत बसली. हे काम काकूंनी फार मोलाचं केलं, आणि ते मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं.

2025 च्या मे महिन्यात त्या आल्या तेव्हा वरच्या घराचं दार बंद राहायला लागलं होतं. पाठवलेला डबा 'पोट भरलंय' म्हणून परत यायचा. वरची सून गच्चीवर कपडे वाळत घालायची तीसुद्धा दुपारी, कोणी नसताना. "नवरा दुकानातून येतो आणि मान खाली घालून जिना चढतो. मॅडम, आम्ही काय मागतोय का त्यांच्याकडे?" काकूंचे डोळे भरले होते.

मी त्यांना गेल्या काही रविवारांबद्दल विचारलं. बोलता बोलता त्या म्हणाल्या की घरी पाहुणे आले की त्या सुनेला खाली बोलावत. "सांग गं यांना, तिकडे तुमचे काय हाल झाले." काकूंच्या मनात यात आदरच होता. या लोकांनी काय सोसलं ते चार जणांना कळावं, त्यांना कोणी हिणवू नये, एवढाच हेतू. पण सोसलेलं दर रविवारी चहाबरोबर सांगायला लागणं ही वेगळीच शिक्षा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची 2011 ची मार्गदर्शिका मदतनीसांना हेच बजावते: माणसाला त्याची कहाणी सांगायला भाग पाडू नका, तो बोलला तर ऐका, गप्प बसला तर सोबत बसा. मी काकूंना एवढंच म्हटलं, की विचारायचंच असेल तर आजचं विचारा. पाणी आलं का, मुलीचा गणिताचा पेपर कसा गेला.

पुढच्या आठवड्यात काकूंच्या सुनेबरोबर वरची सून आली. बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हिंदीत म्हणाली, "सब देते हैं दीदी. मेरे हाथ से कोई कुछ लेता नहीं."

या एका वाक्यावर आम्ही तो सगळा तास घालवला. तिकडे तिच्या सासरचं धान्याचं दुकान होतं. सणाला गल्लीत ताटं तिच्या घरून जायची. इथे आल्यापासून ती फक्त घेत होती आणि प्रत्येक वेळी हसून घेत होती. निम्मं भाडं कधीपर्यंत चालेल, हे कोणी बोललं नव्हतं. त्यामुळे काकूंचा चेहरा जरा उतरलेला दिसला की नवरा-बायको रात्री कुजबुजत, आता खोल्या सोडायला सांगतील का.

कॅनडात 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून सामान्य नागरिक पुढे येऊन निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घेतात. 2024 पर्यंत पाच जणांचा गटसुद्धा ती घेऊ शकत होता. घरभाडं, किराणा, शाळा, भाषेचे वर्ग, डॉक्टर, सगळं पाहायचं, पण साधारण एक वर्ष. या व्यवस्थेतली मुदत मला फार महत्त्वाची वाटते. मदत कधी सुरू झाली आणि कधी संपणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं आणि त्यानंतर ती माणसं नुसती शेजारी उरतात. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो. घर, काम, ओळखपाळख हे नातेवाईक, समाजाची मंडळी आणि काकूंसारखी माणसं बघतात. म्हणून मुदतही आपणच बोलून ठरवायला हवी.

मी काकूंना सुचवलं की दिवाळीपासून पूर्ण भाडं घ्या आणि ते आत्ताच, समोर बसून सांगा. त्यांना हे पटेना. "लोक काय म्हणतील, गरिबाचं भाडं वाढवलं!" शेवटी काकांनी विषय काढला. नवऱ्यानं लगेच होकार दिला आणि त्या महिन्यापासूनच दोनशे रुपये जास्त ठेवले.

दुसरी गोष्ट वाळवणाची. खानदेशात उन्हाळ्यात बिबडे, पापड, कुरडया एकटीनं कोणी करत नाही. आज तुझ्या गच्चीवर, उद्या माझ्या, असं चालतं. गल्लीतल्या सगळ्या बायका काकूंकडे येऊन गेल्या होत्या. वरच्या सुनेला मात्र बोलावलं नव्हतं. का, तर "त्या बिचारीला कशाला त्रास". अख्ख्या गल्लीत फक्त तिचेच हात कोणाला नको होते! मी हे म्हटलं तेव्हा काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. उडदाचे पापड व्हायचे होते. काकूंनी तिला लाटायला बोलावलं आणि मुद्दाम तिचंच प्रमाण विचारलं. सिंध्यांच्या पापडात मिरी सढळ असते. ते गल्लीला तिखट लागले, चर्चा झाली, आणि दोघी जणींनी तिला आपल्या घरी लाटायला बोलावलं. तिच्या पापडांच्या दिवशी त्या दोघी वर गेल्या. तिच्या घरात पाहुण्या म्हणून बायका आल्या त्या तेव्हा पहिल्यांदा.

आजींचं दुखणं वेगळं होतं. त्या जेवत नव्हत्या, दुपारभर खिडकीत बसून असायच्या. घरच्यांना वाटे, वय झालं. सुनेच्या मदतीनं त्यांच्याशी बोलले तेव्हा कळलं की त्यांना तिकडच्या शेजारणीची आठवण येते. ती मुसलमान. चाळीस वर्षं दोघींच्या अंगणामध्ये एकच भिंत होती. आजींच्या बाळंतपणात तीच रात्रभर बसली होती. पण इथे तिचं नाव काढायची चोरी. "तिथलं काही चांगलं सांगितलं की लोक म्हणतात, मग आलात कशाला?" ज्यांनी आसरा दिला त्यांना सुटकेची गोष्ट ऐकायची असते. त्या गोष्टीत प्रेमाच्या शेजारणीला जागा नसते. मग आठवण आत कोंडते.

नंदुरबारकडच्या कामात मी हे पाहिलं आहे. सरदार सरोवरात गावं गेली त्या अक्कलकुवा, अक्राणीतल्या आदिवासींना तळोद्याकडे वसवलं. नर्मदा पाणी तंटा लवादाच्या 1979 च्या निवाड्यात जमीनधारक कुटुंबाला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, असं ठरलं होतं. ती मिळवण्यासाठीही लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. नदी, मासे, डोंगरातले देव यांचा हिशेब मात्र कुठल्याच सातबाऱ्यावर आला नाही. नव्या वसाहतीतली म्हातारी माणसं नदीबद्दल बोलत, आणि तरुण त्यांना गप्प करत.

आजींना गप्प करू नका, एवढंच मी घरच्यांना आणि काकूंना सांगितलं. काकूंनी त्या शेजारणीबद्दल विचारलं. आजी तासभर बोलल्या, आणि संध्याकाळी भाकरी खाल्ली.

नवऱ्याचं मात्र एवढ्यानं निभावणारं नव्हतं. 22 एप्रिल 2025 ला पहलगामचा हल्ला झाला आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याची बातमी आली. हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा यातून वगळले होते, तसा खुलासाही लगेच झाला. पण दुकानात दिवसभर टीव्ही चालू, गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून बोलतंय, आणि खुलासा कोण वाचतो! तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. रात्री तीन-तीनदा उठून तो कागदांची पिशवी तपासायचा. पोलीस अधीक्षक कार्यालयात साध्या नोंदीला जायचं असलं तरी आदल्या दिवसापासून पोटात कळ यायची. काकूंना दिसलेली खाली घातलेली मान ही होती. त्यात कृतघ्नपणा नव्हता.

शिवाय संकट चालू असतं तेव्हा माणूस उभा राहतो. पोरं, सामान, तिकिटं यात मनाला सवड नसते. सुखरूप पोहोचल्यावर, कधी वर्ष-दीड वर्षानं, मन थकवा मोजायला बसतं. म्हणून 'आता सगळं चांगलं आहे, मग आता का?' हा प्रश्न मी घरच्यांना विचारू देत नाही. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन-तीन आठवडे हरवलेलं असेल तर डॉक्टरांना दाखवावं. त्याला मी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. काही महिने गोळ्या चालल्या. ज्यांना जाणं जमत नाही त्यांच्यासाठी 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

कागदांची अनिश्चितता समुपदेशनानं मिटत नाही, आणि मी तसं कधी म्हणत नाही. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीची सवलत 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांना आहे. हे कुटुंब 2023 मध्ये आलं, म्हणजे त्यांना नेहमीच्या कायद्यानं बरीच वर्षं वास्तव्य दाखवत थांबावं लागेल. हे त्याला स्पष्ट सांगितलं. खोटी आशा लावली असती तर पुढच्या खेट्यात तो पुन्हा कोसळला असता. आम्ही ठरवलं ते एवढंच: कागद एकाच जागी, त्यांच्या प्रती काकांच्या कपाटात, तपासायची वेळ रविवारी सकाळी, आणि कार्यालयात जाताना सोबत काका.

तो अजूनही महिन्यातून एकदा येतो. व्हिसाच्या नूतनीकरणाची तारीख जवळ येते आहे. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं दोनदा यायचं, असं आम्ही ठरवलं आहे.