जर्मनीत चर्च सोडायचं असेल तर: चर्चला पत्र पाठवून काही होत नाही

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात कालवलं. वसईचं कॅथलिक घर, स्टुटगार्टला नोकरी, दोन वर्षं पौर्णिमेच्या सर्कलला, म्हणजे निसर्गपूजा करणाऱ्या पेगन लोकांच्या गटाला जाताय, मन तिथेच लागतं, पण पगारातून चर्च टॅक्स कापला जातोय आणि आईला काय सांगायचं कळत नाही. मी पण वसईचीच, डॉर्टमुंडला राहते, अगदी हेच भोगलंय.

रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर धर्म लिहिला की टॅक्स सुरू होतो वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. माझी चूक सांगते. निसर्गपूजेकडे वळल्यावर वाटलं, आता आपण चर्चच्या उरलो नाही तर तसं सरळ कळवावं, म्हणून इथल्या चर्चच्या ऑफिसला मनापासून दोन पानी पत्र लिहिलं. आठवड्यात उत्तर आलं, खूप प्रेमळ, तुमच्यासाठी प्रार्थना करू, दार कायम उघडं आहे. पण कायद्याने या पत्राला काहीच किंमत नाही, सदस्यत्व सरकारी ऑफिसात जाऊन सोडावं लागतं, ही एक ओळ त्यात नव्हती! मी निर्धास्त. तीन वर्षांनी पगाराची स्लिप नीट बघितली तर धर्माच्या रकान्यात ‘आरके’ तसंच, म्हणजे रोमन कॅथलिक. माझा इन्कम टॅक्स तेव्हा वर्षाला साधारण 8000 युरो, त्याच्या 9 टक्के चर्च टॅक्स म्हणजे 720, तीन वर्षांचे 2160. परत मिळाले नाहीत, कारण कागदावर मी सदस्यच होते. चर्चच्या ऑफिसला फोन केला तर तिथली बाई म्हणाली, तुम्ही विचारलं नव्हतंत. ते वाक्य पैशापेक्षा जास्त लागलं, अजून लागतं.

तुमच्याकडे दर 8 टक्के आहे आणि चर्च सोडायचं काम श्टांडेसआम्टला, म्हणजे जन्म-लग्नाची नोंद करणाऱ्या सरकारी ऑफिसात होतं, फी गावागणिक वेगळी. आमच्याकडे कोर्टात 30 युरो भरले. पासपोर्ट घेऊन स्वतः जायचं, सही करायची, कारण कोणी विचारत नाही. मिळालेला दाखला मात्र जन्मभर जपा, उद्या दुसऱ्या गावात कोणी पुरावा मागितला तर तोच कामाला येतो. तोवर कापलेला चर्च टॅक्स वार्षिक रिटर्नमध्ये वजावटीला दाखवा, तेवढेच थोडे वाचतात.

मी वकील नाही, टॅक्सवाली पण नाही, म्हणून दोन गोष्टी तुम्ही स्वतः तपासा. नोकरी चर्चच्या हॉस्पिटलात किंवा बालवाडीत असेल तर आधी कॉन्ट्रॅक्ट वाचा, नोकरीवर येऊ शकतं. आणि इथल्या बिशपांच्या 2012च्या आदेशाप्रमाणे बाहेर पडलेल्याला कम्युनियन, म्हणजे मिस्साच्या प्रार्थनेत मिळणारा पवित्र भाकरीचा प्रसाद नाही, गॉडमदर होता येत नाही. बहिणीचं बाळ येणार असेल तर हे आधी घरी बोला, नंतर कळलं तर जास्त दुखतं.

सर्कलबद्दल माझं मत जरा कडक आहे. पेगन होण्यासाठी कुठे नाव नोंदवावं लागत नाही, त्यामुळे मेंबरशिपचे पैसे भरायची घाई करू नका. कोणी सांगेल की आमचे आठ सण हजारो वर्षं अखंड चालत आलेत, तर तसं नाही, त्यातले काही सण जुने आहेत पण आठांचं हे चक्र 1950च्या दशकात इंग्लंडमध्ये जुळवलं गेलं. म्हणून ते खोटं ठरत नाही, मला त्यातूनच शांती मिळते. पण जिथे रक्त, वंश, पूर्वजांची शुद्धता अशी भाषा सुरू होते तिथून लगेच उठा. जर्मनीत जुन्या देवांच्या नावाखाली असली माणसं खरंच आहेत, आणि आपल्या रंगाच्या बाईला त्यांच्या हसण्यामागे काय आहे ते उशिरा कळतं.

आईला मी टॅक्सपासून नाही, आगेऱ्यापासून, आपल्या वसईच्या सुगीच्या सणापासून सांगायला सुरुवात केली. ऑक्टोबरात नव्या भाताच्या लोंब्या घेऊन आपण चर्चला जायचो ना, ते मला अजून तेवढंच पवित्र वाटतं, फक्त आता मी इथे शेताच्या बांधावर उभी राहून करते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, लोंब्या कुठून आणतेस तिथे? गव्हाच्या, म्हटलं. मिस्साबद्दल तिने अजून विचारलेलं नाही, मी पण काढत नाही.

सही केल्यावर पुढच्या एक-दोन महिन्यांच्या स्लिप बघा, ‘आरके’च्या जागी दोन आडव्या रेघा यायला हव्यात. नाही आल्या तर इथे लिहा.