सीरम लावू का, मॅडम?

‘नवीन ब्रायटनिंग सीरम आणलंय, पण माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे. लावू का?’

हा प्रश्न खरं तर त्वचेच्या डॉक्टरांचा. पण ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी तो घेऊन येतंच. कधी लग्न ठरलेली मुलगी, कधी तिची आई, एकदा तर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा. या वेळी ज्या बाई आल्या त्यांना आपण माधवीताई म्हणू. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. लिहायला त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर: ‘मॅडम, ट्यूबचं मात्र नक्की लिहा.’

वय एक्केचाळीस. राहायला वर्तकनगरला, नोकरी एका पतपेढीत, काउंटरवर. दोन्ही गालांच्या उंचवट्यावर आणि वरच्या ओठावर वांग, म्हणजे काळसर डाग. दुसऱ्या बाळंतपणात आलं ते मुक्कामालाच राहिलं. ऑगस्टचे दिवस होते, रिक्षातून उतरून माझा जिना चढेपर्यंत बाई निम्म्या भिजल्या होत्या, तरी तोंडावरचा स्कार्फ सोडला नव्हता. आत येऊन बसल्यावरही पाच मिनिटं तो तसाच. मग पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. जाऊबाईंनी सिंगापूरहून आणलेली, वीस टक्के व्हिटॅमिन सी, सील अजून शाबूत.

‘नवरा म्हणतो, हा चेहऱ्याचा नाही, डोक्याचा प्रॉब्लेम आहे. म्हणून तुमच्याकडे आले.’

इथे मी माती खाल्ली. उजळ, ब्रायटनिंग असे शब्द कानावर पडले की माझं एक तयार भाषण सुरू होतं. आपल्याकडचं रंगाचं वेड, 1975 साली बाजारात आलेली ‘फेअर अँड लव्हली’, 2020 मध्ये तिची झालेली ‘ग्लो अँड लव्हली’, शब्द बदलला तरी आत काय बदललं वगैरे. माधवीताईंनी सगळं मुकाट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘मला गोरं नाही व्हायचं हो. मी सावळी, माझी आई सावळी, त्याचं मला कधीच काही वाटलं नाही. लोक मला ‘बरं नाही का?’ विचारतात ना, ते बंद व्हायला हवंय.’

मी गप्प झाले. वीस वर्षं हे काम करतेय आणि तरीही माणूस बोलायच्या आत उत्तर तयार ठेवण्याची खोड गेलेली नाही.

काउंटरवर दिवसभर माणसं. पासबुक पुढे सरकवता सरकवता कुणी विचारणार, ‘काय गं, चेहरा का असा उतरलाय?’ एक आजोबा दर महिन्याला व्याज न्यायला येतात, त्यांनी कावीळ तर झाली नाही ना, अशी चौकशी केलेली. एका काकूंनी हळूच हात दाबून ‘घरी सगळं ठीक ना?’ असं विचारलं होतं. सगळे मायेनं विचारतात, त्यामुळे कुणावर चिडायचीही सोय नाही. माधवीताईंनी मॅनेजरकडे मागच्या टेबलावर बसवा म्हणून अर्ज लिहिला होता. तो पर्समध्येच होता, घडीवर घडी पडलेला.

‘स्किन सेन्सिटिव्ह आहे म्हणालात. केव्हापासून?’

प्रश्न साधा, पण त्यांना थांबावं लागलं. लहानपणी दिवाळीचं उटणं, कॉलेजात मुलतानी माती, एकदा मैत्रिणीचं ऐकून लिंबूसुद्धा चोळलेलं. (लिंबू कुणी चोळू नये. त्याचा रस चांगलाच आंबट, सामू (pH) दोनच्या आसपास, आणि वर ऊन लागलं तर चट्टे उठतात.) तेव्हा काही झालं नव्हतं. मग आता साबणानेही चुरचुरतं, गॅससमोर उभं राहिलं तरी गाल पेटतात, हे कधी सुरू झालं? ‘चारेक वर्षं झाली असतील,’ त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी घरात चेहऱ्याला लावायचं जे जे असेल ते घेऊन या, असं मी सांगितलं.

कापडी पिशवी भरून आलं. टेबलावर ओतलं, मोजलं, अकरा वस्तू. तीन सीरम, दोन फेसवॉश, एक पीलिंग लोशन, कोरफडीची जेल, नाइट क्रीम, दोन सनस्क्रीन, त्यातलं एक मुदत संपलेलं. आणि एक ट्यूब. बाकीच्या बाटल्या अर्ध्यामुर्ध्या वापरलेल्या, ही मात्र तळापासून गुंडाळत आणलेली, गुंडाळी सुटू नये म्हणून तिला केसांची काळी क्लिप लावलेली. टूथपेस्ट संपत आली की करतो तसं. जी वस्तू इतक्या काटकसरीने पुरवून वापरली जाते, तीच घरात खरी चालत असते.

‘ही? ही काही नाही. भाच्याच्या लग्नाआधी पार्लरवालीने सांगितली होती. हिनेच तर जरा बरं वाटतं.’

ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. पहिलं रंगद्रव्य बनणं कमी करतं, दुसरं त्वचेचा वरचा थर झपाट्याने बदलायला लावतं, तिसरं स्टिरॉइड. अशा तिहेरी मिश्रणाची कल्पना जुनी, 1975 साली अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी मांडलेली. डॉक्टरांच्या हातात, मोजक्या आठवड्यांपुरतं ते औषध आहे. पण आपल्याकडे ते क्रीम म्हणून वापरलं जातं, वर्षानुवर्षं. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, लालीही दबते, म्हणून माणूस खूश. थांबवलं की आग, पुरळ, लाली, म्हणून परत लावायचं. त्वचा पातळ होत जाते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मग काहीच सोसत नाही. याला त्वचारोगतज्ज्ञ ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’ म्हणतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून अशी बरीच स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी माधवीताईंना ही ट्यूब मेडिकलवाल्याने चार वर्षं न विचारता दिली होती. स्टेशनवरून घरी जाता जाता, कांद्याबटाट्याबरोबर.

यातलं अर्धं मला तेव्हा माहीत होतं, अर्धं नंतर डॉक्टरांकडून कळलं. मी समुपदेशक, त्यामुळे ‘ट्यूब बंद करा’ एवढंसुद्धा सांगायचा मला अधिकार नाही. स्टिरॉइड एकदम तोडलं तर चेहरा जास्त भडकतो, ते उतरवत कसं न्यायचं हे डॉक्टरच ठरवणार. मी फक्त विचारलं, ‘तुमची त्वचा सेन्सिटिव्ह आहे, की केली गेली आहे?’ आणि त्वचेच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

डॉक्टरबाईंनी सिंगापूरच्या बाटलीला सध्या हात लावायचा नाही असं सांगितलं. कारणही समजावलं, ते मला आवडलं. व्हिटॅमिन सीने शुद्ध रूपात काम करायचं तर सीरम चांगलंच आम्लधर्मी असावं लागतं, सामू साडेतीनच्या खाली. धडधाकट त्वचेला ते थोडं झोंबतं, पातळ झालेल्या त्वचेला भाजतं. आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीची गंमत अशी की जिथे दाह होतो तिथे तो गेल्यावर काळा डाग राहतो. म्हणजे उजळायला लावलेलं सीरमच नवा डाग पाडणार. ‘झोंबतंय म्हणजे काम करतंय’ हे वाक्य मी माझ्या आईकडून ऐकलंय, माझ्या मोलकरणीकडून ऐकलंय, एका फिजिओथेरपिस्टकडूनही ऐकलंय. जखमेवरच्या टिंक्चरबद्दल काय ते खरं असेल, चेहऱ्याबद्दल नाही.

पुढचे चार महिने फक्त सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि रंगीत सनस्क्रीन. रंगीत अशासाठी की त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे नुसत्या अतिनील किरणांपासूनच नव्हे, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापासूनही थोडा आडोसा मिळतो, आणि वांगाला तोही उजेड काळं करतो. ट्यूब सुटू लागली तसा सप्टेंबरमध्ये चेहरा भडकला, अपेक्षेप्रमाणे. गणपतीत त्या सोसायटीच्या आरतीला गेल्या नाहीत. त्या महिन्यात त्या माझ्याकडे दर आठवड्याला येत होत्या आणि आम्ही बहुतेक वेळ चेहऱ्याबद्दल बोलतच नव्हतो. सासूबाईंच्या आजारपणाबद्दल, मुलाच्या दहावीबद्दल बोलायचो. अर्ज अजून पर्समध्ये होता.

डिसेंबरअखेर डॉक्टरांनी एक नवीन क्रीम दिलं, अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडचं, आणि आधी हातावर लावून बघायला सांगितलं. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. काहीच झालं नाही तर जबड्याच्या कडेला थोडं, मगच गालावर. एका रात्रीच्या चाचणीने भागत नाही. जळजळ लगेच कळते, पण अ‍ॅलर्जीची पुरळ दोन-तीन दिवसांनीही उठते आणि अंगाला वस्तू पहिल्यांदाच भेटत असेल तर आणखी उशिरा.

खरं समुपदेशन इथे सुरू झालं असं मला वाटतं. माधवीताईंना कळत सगळं होतं, थांबता मात्र येत नव्हतं. चौथ्या रात्री त्यांनी ते गालाला लावलं, कारण पाचव्या दिवशी बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. सकाळी फोन आला, गाल लाल, खाज. हातावर काहीही नव्हतं. चेहऱ्याची कातडी हातापेक्षा नाजूक आणि ही तर नुकतीच सावरणारी.

‘एवढी कसली घाई होती?’ मी विचारलं. वैतागूनच, खोटं कशाला सांगू.

‘तिथे सगळ्या असतात हो. वर्षातून एकदा भेटतात आणि एकदम मापं काढतात.’

मग आम्ही मागे गेलो. ट्यूब घेतली भाच्याच्या लग्नाआधी. पीलिंग लोशन बहिणीच्या वास्तुशांतीआधी. सीरम मंगळागौरीआधी मागवलेलं. त्यांनीच कागदावर एका रांगेत वस्तू आणि दुसऱ्या रांगेत समारंभ लिहिले, काउंटरवरच्या सुबक अक्षरांत. अकरांपैकी आठ वस्तूंसमोर कुणाचं तरी लग्न, मुंज, बारसं होतं. आणि बहुतेक वेळी हातात आठवडा नाहीतर पंधरवडा. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे जास्तच. म्हणजे समारंभाच्या दिवशी प्रत्येक वस्तूचा त्रास पदरात पडलेला असणार, फायदा नाही.

त्या कागदाकडे बघत बसल्या. मग एकदम हसल्या. ‘म्हणजे मी दरवेळी एफडी मुदतीआधी मोडतेय. आमच्याकडे कुणी असं केलं की मी त्यांना लेक्चर देते.’

हे मला सुचलं नसतं. पुढचे दहा दिवस त्यांनी पतपेढीच्या जुन्या डायरीत ठेवीसारखे मांडले. सुरुवातीची तारीख, मुदतपूर्तीची तारीख, आणि रोजचं एका ओळीत: खाज नाही, लाली नाही, मोह झाला. ‘मोह झाला’ चार वेळा लिहिलंय. मधे एक बारसंही होतं, त्याला त्या नुसतं सनस्क्रीन लावून गेल्या. तिथे एका बाईंनी बिनलेबलच्या पांढऱ्या डबीची शिफारस केली, ‘आठ दिवसांत फरक.’ अशा डब्यांबद्दल मात्र मी कुणाचीही भीड ठेवत नाही. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 22 रुग्ण तपासले. त्यांतल्या 15 जणांत एक वेगळाच प्रकार सापडला आणि त्या 15 पैकी 13 जण उजळपणाची क्रीम लावत होते. संशय पाऱ्यावर. आपल्या नियमांत अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायलाच बंदी आहे, आणि डबीवर नावपत्ताच नसेल तर विचारणार कुणाला?

तर, लावू का? माझं उत्तर आता एवढंच असतं: आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, घरातली सगळी पिशवी सोबत न्या, ट्यूब तर न्याच. आणि समोर दोन आठवड्यांत कुठला समारंभ असेल, तर त्याच्या आधी नवीन काहीही लावू नका.

माधवीताईंचं वांग पूर्ण गेलेलं नाही. फिकट झालंय, एप्रिलच्या उन्हात पुन्हा थोडं गडद झालं, तसं ते होतच राहणार असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सिंगापूरची बाटली त्यांनी जाऊबाईंना परत दिली. मेमध्ये मी स्वतः एका कामासाठी त्यांच्या पतपेढीत गेले तेव्हा त्या काउंटरवरच होत्या, स्कार्फ खुर्चीच्या पाठीला. माझ्या पुढच्या काकूंनी चष्मा वर करून विचारलंच, ‘काय गं, गालावर हे काय?’

‘वांग आहे, काकू. इथे सही करा.’