मंगळवारची संध्याकाळ

(अहिल्यानगर जिल्ह्यातील ४६ वर्षांच्या एका भगिनी लिहितात: सासूबाई ८१ वर्षांच्या असून तीन वर्षांपासून त्यांना स्मृतिभ्रंश आहे. ‘आज रविवार आहे का? घंटा झाली का?’ हा प्रश्न त्या तासाभरात वीस-पंचवीस वेळा विचारतात. ‘माझा आवाज चढतो, आणि गेल्या महिन्यात कपडे बदलताना मी त्यांचे मनगट इतके घट्ट धरले की वळ उठला. तेव्हापासून मी चर्चमध्ये प्रभुभोजन (प्रभूच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर व द्राक्षारस) घेतलेले नाही. माझे पती आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी आहेत. ते कधीही रागावत नाहीत आणि मला पवित्र आत्म्याच्या फळाची, म्हणजे प्रीती, सहनशीलता, सौम्यता अशा गुणांची, आठवण करून देतात. सहनशीलतेसाठी मी कोणती प्रार्थना करू?’)

प्रिय भगिनी,

तुमचे चार पानांचे पत्र मी तीनदा वाचले. जवळजवळ सगळी पाने तुम्ही स्वतःला दोष देण्यात खर्ची घातली आहेत, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, जागा उरली म्हणून लिहावे तसे, एक वाक्य लिहिले आहे: ‘हे मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी संध्याकाळी प्रार्थनासभांना असतात, रविवारी तर दिवसभर चर्चमध्येच असतात, म्हणून त्यांना घरचा त्रास सांगत नाही.’ माझे उत्तर मुख्यतः या वाक्याला आहे.

परंतु आधी मनगटाविषयी बोलले पाहिजे. ते चुकले, आणि ते चुकले हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून मी त्यावर पांघरूण घालणार नाही. या आजारात घडलेला प्रसंग विसरला जातो, पण त्या प्रसंगाने मनात उठलेली भीती मागे रेंगाळते; सासूबाईंना वळ कसा उठला हे सांगता येणार नाही, तरी तुमचा हात जवळ आला की त्यांचे अंग आक्रसत असेल. पुन्हा कधी तुमची पकड घट्ट होऊ लागली, तर त्यांना खाटेवर नीट बसवा, कपडे अर्धे बदललेले असले तरी तसेच राहू द्या, आणि दोन मिनिटे शेजारच्या खोलीत जा. त्यांच्याजवळ बसून, हात हातात घेऊन, त्यांची क्षमा मागा. त्या घटकाभरात विसरतील. तरीही मागा, आणि येत्या प्रभुभोजनाला जा.

आता तुमच्या पतींकडे वळते. सासूबाई तुम्हाला छळण्यासाठी तोच प्रश्न विचारत नाहीत. नवी आठवण साठवण्याची शक्तीच क्षीण झाल्यामुळे विसावा प्रश्नही त्यांच्या दृष्टीने पहिलाच असतो. शिवाय अशा रुग्णांची बेचैनी पुष्कळदा दिवस कलल्यावर वाढते. तुम्हीच लिहिले आहे की दिवे लागणीला त्या ‘मला घरी जायचे आहे’ म्हणून दाराची कडी काढू लागतात. म्हणजे दिवसातील सर्वांत जड तास संध्याकाळचे आहेत, आणि आठवड्यातून चार दिवस नेमके त्याच तासांना त्यांचा मुलगा घरात नसतो. पतींच्या शांत स्वभावाचे तुम्ही मनापासून कौतुक केले आहे. मला ते करता येत नाही, कारण ज्या खोलीत माणसाची परीक्षा होते त्या खोलीत ते अजून बसलेलेच नाहीत.

बाई, तुमचा राग सासूबाईंवरचा नाही. तो पतींवरचा आहे. त्यांच्याशी बोलणे म्हणजे देवाच्या सेवेत अडथळा आणणे असे वाटून तुम्ही तो गिळता, आणि गिळलेला राग घरातील ज्या एका व्यक्तीला उलट बोलता येत नाही तिच्या मनगटावर निघतो. सहनशीलतेसाठी आणखी एक प्रार्थना मी तुम्हाला देणार नाही. ती तुम्ही तीन वर्षे करीत आहात.

बायबलमधील गणना या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात, इस्राएल लोकांना मिसर देशातून कनान देशाकडे नेणारा मोशे परमेश्वरापुढे अक्षरशः त्रासून उभा आहे. या सगळ्या लोकांना मी प्रसवलो काय, की दाईने तान्ह्याला घ्यावे तसे मी त्यांना उराशी धरून न्यावे, असे तो विचारतो. हा भार मला एकट्याला वाहवत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक, इथपर्यंत त्याचे बोलणे जाते. परमेश्वराने त्याला त्या वेळी सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. इस्राएलाच्या वडीलजनांपैकी ७० माणसे उभी कर, ती तुझ्याबरोबर भार वाहतील, असे सांगितले. पुढे २० व्या अध्यायात हाच मोशे रागाच्या भरात खडकावर दोनदा काठी मारतो आणि त्याचे कनानात जाणे राहून जाते. भार जड झाला हे त्याने एकदा बोलून दाखवले आणि त्याला माणसे मिळाली. एकदा ते हाताने दाखवले आणि त्याने फार मोठी किंमत मोजली. तुमचा हात एकदा उठून झालेला आहे, म्हणून तुम्ही आता बोलायलाच हवे.

देवकार्याच्या आड आपण येऊ ही भीती मनातून काढून टाका. आईबापांना माझ्याकडून जे मिळायचे ते ‘कुर्बान’ आहे, देवाला वाहिलेले आहे, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभूने मार्काच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात किती कठोर शब्दांत फटकारले आहे, हे मंडळीच्या सेक्रेटरींना ठाऊक असणारच. आणि वधस्तंभावरून, सर्व जगाचे पाप वाहत असताना, त्याने आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवले. दर उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांपैकी तो तिसरा उद्गार आपण ऐकतो.

तेव्हा या आठवड्यात एकच गोष्ट करा. सोमवारी रात्री, जेवणे झाल्यावर, आवाज न चढवता पतींना सांगा: ‘उद्यापासून दर मंगळवारी संध्याकाळी पाच ते आठ तुम्ही आईंजवळ बसा. मी त्या वेळी घरी नसेन.’ वळ कसा उठला तेही सांगा, लपवू नका. प्रार्थनासभा आपल्याच घरी भरवू असे ते कदाचित सुचवतील. त्याला नकार द्या, कारण मग वीस माणसांचा चहा तुमच्याच अंगावर येईल. मंडळी काय म्हणेल असे ते विचारतील. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार आपल्या देशात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, तेव्हा तुमच्या मंडळीतही दिवे लागणीला दाराची कडी सांभाळत उभी असलेली दुसरी एखादी सून असेल. सेक्रेटरी आईसाठी घरी थांबतात हे तिच्या नवऱ्याने पाहिले तर बरेच होईल.

मंगळवारी पाच वाजता तुम्ही खरोखर घराबाहेर पडा. बहिणीकडे जा किंवा नुसत्या चालून या, पण भगिनी मंडळाच्या कामाला जाऊ नका, आणि आठच्या आधी परतू नका. निघताना जुने गीतपुस्तक पतींच्या हाती द्या. बाकी सारे विसरलेल्या माणसांनाही लहानपणापासून म्हटलेली गीते पुष्कळदा आठवतात, आणि ‘घंटा झाली का?’ हा प्रश्न विसाव्यांदा आला की आईबरोबर एक गीत म्हणण्याचे काम त्यांना आवाजाची पट्टी न चढवता करता येते का, हे त्यांना स्वतःला कळू द्या.

बुधवारी मला पत्र लिहा.