रोजच्या उशिरांतून देव खरंच काही शिकवतो का?

ट्रॅफिक, रांगा, रखडलेली कामं यांतून देव खरोखर काही शिकवतो, की आपण ख्रिस्ती माणसं नुसती मनाची समजूत घालतो, असं तुम्ही विचारलंय. मी नगरचा, चर्चच्या मंडळीतच वाढलेला, सध्या नोकरीसाठी पुण्यात. माझ्यापुरतं सांगतो.

प्रत्येक उशीर देवच घडवतो असं मला वाटत नाही. वाघोलीला एसटी अडकते ती रस्त्यावर गाड्या मावत नाहीत म्हणून. पण अडकल्यावर मी कसा वागलो, हा प्रश्न माझ्या विश्वासाचा आहे.

गेल्या वर्षी आईला शुगर तपासायला नेलं होतं. रात्रीपासून ती उपाशी. आठला केसपेपर काढला आणि नऊच्या सुमारास सर्व्हर बंद पडला. साडेदहाला रांग हलली, तोच एक बाई तापाने फणफणलेलं पोर घेऊन सरळ पुढे घुसली. मी आवाज चढवला. आई म्हणाली, "अरे, जाऊ दे तिला. पोराचं अंग बघ किती तापलंय." बाईला पोर सांभाळून पिशवीतले कागद काढता येईनात, तर आईने पोर आपल्या खांद्यावर घेतलं.

तिथेच मला याईर आठवला. बायबलमधल्या मार्ककृत शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायातला सभास्थानाचा अधिकारी. लेक शेवटच्या घटका मोजतेय, येशू त्याच्याबरोबर निघालाय, आणि वाटेत रक्तस्रावाने पिडलेली एक बाई गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते. येशू थांबतो. कोण शिवलं म्हणून विचारतो, तिचं सगळं ऐकून घेतो. तेवढ्यात घरून निरोप येतो, मुलगी गेली. संडे स्कूलपासून हा उतारा ऐकत आलोय, पण येशू त्या बाईशी बोलत असताना याईराच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं. त्याची लेक बारा वर्षांची, बाईचं दुखणंही बारा वर्षांचं. त्याच्या घरी पाळणा हलला त्याच सुमारास तिचे हाल सुरू झाले. ती किती वर्षं थांबली होती, हे त्या गर्दीत कोणाला ठाऊक होतं? मीही रांगेत फक्त माझाच नंबर धरून उभा होतो. "भिऊ नको, विश्वास मात्र धर," असं येशू याईराला म्हणतो तेही वाटेतच, घर अजून यायचं असताना.

पण एक विनंती. दुसऱ्याच्या घरी दुःख असताना "देवाची वेळ असते" असं पटकन म्हणू नका. आपला मित्र लाजर आजारी आहे हे कळूनही येशू दोन दिवस होता तिथेच राहिला, आणि मार्थाने त्याला तोंडावर सांगितलं, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." येशू तिच्यावर रागावला नाही. चिडून केलेली प्रार्थनाही प्रार्थनाच असते, असं मी यावरून मानतो.

आणि सोसत बसणं म्हणजे विश्वास नव्हे. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद व्हायला आम्हाला वर्षभर खेटे घालावे लागले. दर वेळी आई पुन्हा अर्ज लिहायला लावायची. लूकच्या 18व्या अध्यायातली विधवाही न्यायाधीशाकडे अशीच परत परत जाते, आणि येशू तिचं उदाहरण प्रार्थनेसाठी देतो.

घरचं माणूस विश्वासात येत नाही म्हणून तळमळणाऱ्यांना मी आमच्या नगरच्या टिळकांबद्दल सांगतो. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 सालचा. मधली पाच वर्षं त्या दोघांनी कशी काढली असतील, याचा विचार केला की मला स्वतःच्या उतावळेपणाची लाज वाटते.

त्या दिवशी आईचं रक्त घ्यायला बारा वाजले. शुगर एकदम उतरली तर असावा म्हणून ती पर्समध्ये पारले-जीचा पुडा ठेवते. बाहेर आलो तर ती बाई बाकावर बसली होती आणि पोर जागं झालं होतं. याईराच्या मेलेल्या लेकीला जिवंत करून उठवल्यावर येशूने तिला काहीतरी खायला द्यायला सांगितलं, ही बारीकशी गोष्ट मार्कने आवर्जून लिहून ठेवली आहे. आईने पुडा फोडला, पहिलं बिस्किट त्या पोराच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः खाल्लं.