पाळी हाती घेण्यापूर्वी

प्रिय,

तेलविहिरींवर रुजू होणार असल्याचे तुझे पत्र मिळाले. आनंद झाला आणि काळजीही वाटली. ती मनात ठेवण्यापेक्षा लिहिलेली बरी.

उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल काढण्याच्या प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ रोजी स्फोट आणि आगीत १६७ माणसे गेली. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून त्या जागी नुसती पोलादी चकती बसवलेली होती. काम दिवसपाळीत पुरे झाले नाही आणि व्हॉल्व्ह काढलेला आहे, ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोहोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडताच त्यांनी हा सुरू केला. दुरुस्तीच्या कामाच्या लेखी परवान्याचा कागद भरलेला होता, पण ज्याने तो वाचायचा, त्याच्या हाती पडला नाही. म्हणून पाळी हाती घेताना काय उघडे आहे, काय काढलेले आहे, कोण कुठे आत आहे, हे विचारल्याशिवाय सही करू नकोस. आणि उत्तर मोघम आले, तर स्वतः जाऊन बघ.

विहिरींवर आढळणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला कुजक्या अंड्यांचा वास येतो, हे तुला ठाऊक असेलच. पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, आणि वास गेला म्हणजे वायूही गेला असे माणसाला वाटते. विश्वास डिटेक्टरवर ठेव, नाकावर नको. माझ्या उमेदीच्या काळात एक सहकारी टाकीवर चढून मोजमापाचे झाकण उघडत होता. झाकणावरची हवा थरथरलेली मला खालून दिसली, मग त्याचे गुडघे दुमडले. मी शिडीकडे धावलो, तेव्हा सुपरवायझरांनी मागून माझी कॉलर धरली आणि श्वसनयंत्र लावलेली दोन माणसे वर जाईपर्यंत सोडली नाही. तो वाचला नाही. सुपरवायझरांचा मला कित्येक महिने राग होता. वाचवायला धावलेला दुसराही त्याच हवेत कोसळतो, हे मला फार उशिरा पटले.

विहिरींवर जाण्यायेण्याच्या रस्त्यावरही या धंद्यातली पुष्कळ माणसे मरतात. बारा तासांच्या पाळीनंतर गाडी चालवू नकोस, आणि मागच्या सीटवरही पट्टा लाव.

काम थांबवा, असे पहिल्यांदा म्हणताना जीभ जड होईल, कारण प्रत्येकाचे लक्ष घड्याळाकडे असेल. अशा वेळी "मला हे समजलेले नाही, दाखवा" एवढेच म्हण. पहिला आठवडा झाला की पत्र पाठव, आणि चालू परवाने तिथे कुठे लावून ठेवतात, ते त्यात आवर्जून लिही.

तुझा हितचिंतक