सी भाषेत एकाच प्रिंटएफमध्ये दोन मॅक पत्ते (नेटवर्क उपकरणाचे सहा बाइटचे हार्डवेअर पत्ते) छापले, दोन्ही सारखेच का आले?

अंधेरी आणि परळच्या ऑफिसांतले राउटर वेगळे, तरी आउटपुटमध्ये पत्ता एकच, असं तुम्ही म्हणताय. राउटर ठीक आहेत. मॅक पत्त्याची स्ट्रिंग करणारं ईथर_एनटोए फंक्शन दरवेळी स्वतःच्या एकाच स्टॅटिक बफरचा (कायम तीच राहणारी मेमरीतली जागा) पॉइंटर परत देतं. पाटी एकच, दुसऱ्या कॉलने पुसून पुन्हा लिहिलेली. प्रिंटएफ छापायला बसतं तोवर पहिला पत्ता गेलेला असतो.

लिनक्सवर तुम्ही दिलेल्या बफरमध्ये लिहिणारं ईथर_एनटोए_आर वापरा आणि प्रत्येक पत्त्याला वेगळा बफर द्या. १८ बाइट पुरतात: १७ अक्षरं आणि स्ट्रिंग संपवणारा शेवटचा शून्य बाइट.

पण एक खोच आहे. जीलिबसी (लिनक्सवरची सीची नेहमीची लायब्ररी) प्रत्येक भागाच्या सुरुवातीची शून्यं गाळते, म्हणजे ००:०५:०९:१२:०७:४१ चं ०:५:९:१२:७:४१ होतं. लॉगमध्ये ग्रेपने पत्ता शोधणाऱ्याचं डोकं फिरतं. मी तर सरळ सहा बाइट %०२एक्सने एसएनप्रिंटएफ करतो.

तुलना स्ट्रिंगची नकोच, मेमरीतले बाइट थेट ताडणाऱ्या मेमसीएमपीने सहा बाइट ताडून बघा.

उलट दिशेला, म्हणजे स्ट्रिंगमधून पत्ता काढायला, ईथर_एटॉन: त्याचाही बफर स्टॅटिकच, आणि पत्ता चुकीचा असेल तर नल पॉइंटर मिळतो, तो तपासा. विंडोजमधून कॉपी केलेला डॅशवाला पत्ता त्याला चालत नाही, कोलनच लागतात.